लाल न दिसणारी फिलिम

अजीजभाऊंच्या दुकानात फोटोला बसणाऱ्या बाईच्या कुंकवावर निळा ठिपका लावला जाई. दुकान म्हणजे आलापल्लीच्या लाकूड डेपोसमोरची टिनाची शेड. दारालगतच्या फळीवर तांदळाच्या पिठाचा डबा आणि कपड्याच्या निळीत खडू कालवून ठेवलेली वाटी असे. नीळ कपाळासाठी, पीठ चेहऱ्यासाठी. लावण्याचे काम अजीजभाऊंची बायको सकीनाबी करी. ती बायकांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवी, पीठ चोळी, ठिपका लावी आणि म्हणे, "आता आरसा पाहू नोको बाई, घाबरशील."

या सगळ्याचे कारण फिलिम होती. ती माणसांसाठी बनलेलीच नव्हती. नकाशांच्या नकला काढण्यासाठी ती परदेशातून येई आणि मुदत संपली की लिलावात निघे. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून अजीजभाऊ तिचे डबे आणत. तिला लाल रंग दिसत नसे. जे लाल, ते फोटोत काळे उमटे; माणसाची लालसर कातडीही काळवंडे. त्यामुळेच लाल दिव्याच्या उजेडात ती बिनधोक कापता येई. अजीजभाऊ रुंद पट्टीचे तुकडे करत, गिऱ्हाइकांकडून परत मिळालेल्या रिकाम्या रिळांवर जुन्याच काळ्या कागदासह ते गुंडाळत आणि विकत. परदेशी रोल तेव्हा अडीच रुपयांना पडे. अजीजभाऊंचा बारा आण्यांना.

लाल न दिसणे हा तिचा एक दोष. ती मंदही होती. भर उजेडातसुद्धा भिंगावरची टोपी काढून मनात दोन आकडे मोजावे लागत, आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. अजीजभाऊ टोपी काढण्याआधी म्हणत, "धर." म्हणजे श्वास धर. टोपी बसवली की म्हणत, "सोड." डेपोवरचे हमाल, गोंड मजूर, नाकेदार, सिरोंच्याकडून आलेले तेलुगू व्यापारी, सगळ्यांना हे दोन शब्द कळत.

अजीजभाऊ किडकिडीत होते. मान पुढे झुकलेली. औषधांनी नखे तपकिरी झालेली. बोलणे हळू आणि थोडे. फोटो चांगला आला का, असे कोणी विचारले तर त्यांचे उत्तर एकच असे, "आला." चांगला आला असे ते कधी म्हणत नसत. बिघडला तर तेही तितक्याच आवाजात सांगत, "नाई आला. बस पुन्हा." त्यामुळे त्यांच्या 'आला'वर लोकांचा भरवसा होता.

मी त्या काळात नागपूरच्या एका दैनिकाचा चांद्याचा बातमीदार होतो. सागाच्या लिलावाच्या बातम्यांसाठी आलापल्लीला जाणे होई. माझ्याकडे एक डबा कॅमेरा होता आणि त्यात अजीजभाऊंचा रोल. त्या फिलिमवर काळे आणि पांढरे इतके करकरीत वेगळे निघे की छापखान्यातला ब्लॉक करणारा खूश असे. बस येईपर्यंत मी त्यांच्या शेडमध्ये बसत असे. जे पाहिले ते तिथून पाहिले.

निळीचा ठिपका पहिल्यापासून नव्हता. पोंभुर्ण्याहून डेपोच्या कामावर आलेल्या एका कुटुंबाने नव्या सुनेचा फोटो काढून घेतला होता. काही दिवसांनी सासू तो फोटो घेऊन परत आली.

"अजीजभाऊ, माह्या सुनेच्या कपाळाले इधवेवानी बुक्का कोनं लावला?"

"बुक्का नाई बाई, कुंकूच हाय. या फिलिमले लाल दिसत नाई."

"तुमच्या फिलिमले दिसत नाई, गावाले त दिसते ना. लोकं इचारून राह्यले, पोरगा कुठी हाय म्हणून."

अजीजभाऊंनी फोटो परत घेतला आणि सुनेला पुन्हा घेऊन यायला सांगितले. कुंकू पुसा, असे कोणत्याही सवाष्णीला सांगणे शक्य नव्हते. पडद्यामागून सकीनाबी म्हणाली, "त्याच्यावरच नीळ लावून पाहा ना जी. निळं त तुमच्या फिलिमले पांढरं दिसते." तसे केले. फोटोत सुनेच्या कपाळावर फिकट, गोल, कुंकवासारखे कुंकू आले. सासू समाधानाने गेली. तेव्हापासून वाटी फळीवर आली.

एवढी खटपट करून लोक ती फिलिम घेत कशासाठी, हा प्रश्न मी त्यांना एकदा विचारला. स्वस्त म्हणून, हे उत्तर मला अपेक्षित होते. त्यांनी हातातला रोल गुंडाळून संपवला. मग म्हणाले, "महागाच्या फिलिमपुढं मानूस घाबरते जी. एकच फोटो, तोच जन्मभर, मंग तो ताठ बसते, डोळे वटारते. बारा आण्यावाल्यापुढं हसते. बिघडला त बिघडला."

बातमीदाराच्या सवयीने मी ते पडताळून पाहिले. लाकडाचा एक ठेकेदार तिथे बसला होता. तो नेहमी टोमणे मारी, "अजीज, तुझी फिलिम म्हंजे निरा धूर हाय." अजीजभाऊ म्हणाले, "धूर हाय, साहेब. पन धुरात तुमी हसून राह्यले. नागपूरवाल्या फोटोत हसले का?" ठेकेदार हसला आणि विषय बदलला. पुढे त्याच्या बैठकीत नागपूरच्या स्टुडिओतला त्याचा मोठा फोटो माझ्या पाहण्यात आला. त्यात तो खरोखरच कोर्टात उभा केल्यासारखा दिसत होता.

मुदत संपलेल्या फिलिमचा प्रत्येक डबा वेगळा निघे. एखादा बरा, एखादा इतका मंदावलेला की दोनाऐवजी चार मोजावे लागत. म्हणून नवा डबा उघडला की चाचणी घ्यावी लागे, आणि चाचणीसाठी चेहरा एकच हवा, जागा एकच हवी, म्हणजे फरक फिलिमचाच आहे हे कळते. चेहरा सकीनाबीचा होता. जागा मागच्या दाराची चौकट. नवा डबा आला की ती हातातले काम टाकून, पदराने तोंड पुसून चौकटीत उभी राही.

"आज कोनतं तोंड पायजे जी? आंधळ्या फिलिमचं का बहिऱ्या?"

"धर."

"धरलं त बोलू कशी?"

"सकीना. धर."

ती धरी. पट्टी लाल दिव्याखाली औषधात घातली जाई. चेहरा उमटला की अजीजभाऊ तो ओला असतानाच पाहत, किती मोजायचे ते ठरवत आणि पट्टी टाकून देत. फिलिम उजेडात टिकावी म्हणून ती पुढे हायपोच्या पाण्यात ठेवावी लागते. चाचणीच्या पट्टीसाठी हायपो कोण वाया घालवणार? थोड्याच वेळात ती पट्टी मागच्या अंगणात उन्हात काळी पडलेली असे. तालुक्यात जिचे सर्वात जास्त फोटो निघाले ती बाई सकीनाबीच असेल. त्यातला एकही दुपारपर्यंत टिकला नाही.

तिला पानाची सवय होती. ओठ सदा लाल. पट्टीवर सगळे उलटे दिसते, तरी तिथे कोरे राहिलेले ओठ फोटोत काळेकुट्ट येणार हे तिला कळे. ती लाल दिव्याच्या कोठडीत डोकावून बघे आणि म्हणे, "पाहा, कोळसा खाल्ल्यावानी. एकदा त चांगल्या फिलिमवर काढा. मले बी कळू द्या मी कशी दिसतो."

अजीजभाऊ म्हणत, "काढू."

मग एकदा चांगली फिलिम घरात आली. शिकारीला आलेल्या कोणा पाहुण्याने आपल्या मंडळींचे फोटो धुऊन घेतले आणि जाताना डबीतला एक कोरा परदेशी रोल अजीजभाऊंना बक्षीस दिला. तो सगळे रंग ओळखणारा, जलद रोल होता. त्याला पीठ नको, नीळ नको, श्वास धरणे नको. अजीजभाऊंनी तो आधी सकीनाबीच्या हातात दिला. ती म्हणाली, "हा माहा." ते म्हणाले, "तुहाच."

तो लगेच वापरला गेला नाही. ईदेला काढायचे ठरले, पण ईदेच्या दिवशी आभाळ भरून आले. नंतर नवे लुगडे येणार होते. लुगडे आले तेव्हा सकीनाबीचा पुढचा दात पडला होता, आणि चांद्याला जाऊन दात बसवून घ्यावा असे तीच म्हणाली. दात राहून गेला. बारा आण्यांच्या रोलवर गावभर माणसे हसवणारा हा माणूस या एका रोलपुढे स्वतः ताठ बसला होता. ते त्याने कधी बोलून दाखवले नाही.

पावसाळ्यात डबीला गंज चढू लागला. अजीजभाऊंनी रोल बाहेर काढला, मलमलीत गुंडाळला आणि त्याच्यासाठी पेटी करवली. आलापल्लीत कोणत्याही वस्तूचा मान ठेवायचा तर ती सागात ठेवतात. आरा मशीनवरच्या ओळखीच्या सुताराने नव्या, चांगल्या सागाची, पानाच्या डब्याएवढी पेटी केली. झाकण घट्ट बसवले. आतून-बाहेरून जवसाचे तेल पाजून ती चकचकीत केली. अजीजभाऊंनी ती मला उघडून दाखवली होती. नव्या लाकडाचा आणि तेलाचा वास आला. बारा आण्यांची फिलिम मात्र रॉकेलच्या धुतलेल्या पिंपात पडून असे.

दरम्यान परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले. फिलिम बाजारातून दिसेनाशी झाली. चांद्याचे दुकानदार आधी नाही म्हणत, मग आतून एखादा रोल काढून दुप्पट भाव सांगत. लिलावाचे डबेही कमी येऊ लागले. त्या सुमारास तोच ठेकेदार मुलीच्या लग्नासाठी रोल शोधत अजीजभाऊंकडे आला. पेटीची गोष्ट त्याच्या कानावर होती.

"सांग ना, काय घेशील?"

"तो इकाचा नाई, साहेब."

"अरे, ठेवून काय लोनचं घालशील त्याचं?"

"इकाचा नाई."

पडद्यामागे भांड्यांचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने सकीनाबी बाहेर आली आणि तिने ठेकेदारापुढे चहा ठेवला. त्याला त्या दुकानात मिळालेला तो पहिला चहा असावा. कपात साखर जास्त होती, अशी तक्रार त्याने नंतर माझ्याजवळ केली.

पुढच्या पावसाळ्यात सकीनाबी खोकू लागली. आष्टीला वैनगंगेच्या पुरामुळे वाहतूक अडली होती. रस्ता सुरू झाल्यावर अजीजभाऊ तिला चांद्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिले आणि अजीजभाऊंना बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितले. परतताना तिने बसमध्ये विचारले, "दात बसवाचा राह्यला ना जी?" हे अजीजभाऊंनीच मला सांगितले.

त्यानंतर मी गेलो तेव्हा पाऊस पूर्ण उघडला होता आणि ऊन स्वच्छ होते. अजीजभाऊंनी पेटी बाहेर काढली होती. मागच्या दाराच्या चौकटीत स्टूल ठेवले होते, कारण तिला आता उभे राहवत नव्हते. सकीनाबीने नवे लुगडे नेसले होते. ते तिच्या अंगावर फार मोठे वाटत होते. शेजारच्या बाईने सवयीने पिठाचा डबा पुढे केला.

"आज पीठ नोको," सकीनाबी म्हणाली. "भाकरीले ठेव."

तिने पान मागितले. सावकाश चावले. ओठ लाल झाले. अजीजभाऊ कॅमेऱ्यामागे उभे राहिले. तिने छाती भरून श्वास घेतला आणि धरला.

"आज धराची गरज नाई," ते म्हणाले. "घे श्वास."

"मंग फोटो हलनार नाई?"

"नाई हलत. या फिलिमवर नाई हलत. घे."

ती खोकली, मग हसली. पडलेल्या दाताची जागा दिसली. अजीजभाऊंनी बटण दाबले. एक झाल्यावर ती म्हणाली, "बस. बाकीचे ठेवा कोन्या गिऱ्हाइकाले." त्यांनी ऐकले नाही. सबंध रोल तिच्यावर घालवला. मी त्यांना एखाद्यावर इतकी फिलिम घालवताना पूर्वी पाहिले नव्हते.

सगळे रंग ओळखणारी फिलिम लाल दिव्यातही चालत नाही. कोठडीत पूर्ण काळोख करून, न बघता काम करावे लागते. अजीजभाऊ आत गेले आणि दार लावले. बाहेर शेडमध्ये मी होतो. पलीकडच्या खोलीत सकीनाबीला खाटेवर झोपवले होते. बऱ्याच वेळाने ते ओली पट्टी दोन्ही हातांत धरून बाहेर आले आणि दाराशी उन्हात उभे राहिले.

पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती. चेहरा नाही, चौकट नाही. त्यांनी ती उलटी केली. मग कडेवरून बोट फिरवले. फोटोच्या चौकोनाबाहेरच्या या कडेवर उजेड पडतच नाही, म्हणून ती पांढरी राहायला हवी. तीही काळी होती. म्हणजे चूक फोटो काढताना झालेली नव्हती. फिलिम पेटीतच गेली होती. त्यांनी पट्टी नाकाजवळ नेली आणि हुंगली.

आतून आवाज आला, "आला का जी?"

अजीजभाऊ पट्टीकडे पाहत राहिले.

"आला," ते म्हणाले.

"तोंड कसं आलं?"

"काळं नाई आलं."

"कागदावर कधी देसान?"

"कागद सरला. चांद्याहून आनतो."

तिने मलाही हाक मारून विचारले, "भाऊ, तुमी पाह्यला?" मी पाहिला म्हणालो. ती म्हणाली, "पन दात दिसत असन." आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होते, एवढे नोंदवणे भाग आहे.

बाहेर आल्यावर मी अजीजभाऊंना म्हणालो की घरात बारा आण्यांची फिलिम आहे, तिच्यावर काढून नीट हायपोत ठेवली तर टिकेल. ते म्हणाले, "आता तिच्यापुढं कॅमेरा कसा धरू? फोटो आला म्हनून सांगून बसलो." त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुन्हा कॅमेरा लावला असता तर तिला सगळे कळले असते. ती रोज कागदाची चौकशी करी. ते रोज उद्याचे नाव घेत. चांद्याहून मी कागदाचे पाकीट पाठवले होते. ते त्यांनी फोडले नाही, कारण कागद आल्याचे तिला कळू द्यायचे नव्हते.

त्याच हिवाळ्यात ती गेली. डेपोचे हमाल, नाकेदार आणि ठेकेदारही मातीला होते.

नंतर मागच्या अंगणात अजीजभाऊंनी टाकून दिलेल्या पट्ट्या शोधल्या. बऱ्याच सापडल्या. काही मातीत रुतलेल्या, काही कुंपणाच्या काट्यांत. प्रत्येक पट्टी त्यांनी धुऊन उन्हासमोर धरली. सगळ्या काळ्या होत्या. शेजारची बाई सांगत होती, "मी म्हनलं भाऊ, काही नाई दिसत त कायले पाहून राह्यले? त म्हनले, हिच्यात हाय ती. दिसत नाई फक्त."

माझी चांद्याहून बदली झाली तेव्हा शेवटचा म्हणून आलापल्लीला गेलो. शेडमध्ये फळीवर पीठ आणि नीळ होती. गिऱ्हाईक कमी झाले होते. लिलावाचे डबे मिळेनात आणि मिळाले तर बारा आण्यांत परवडत नव्हते. नव्या रोलला त्यांनी दीड रुपया भाव लावला होता. लोक भाव ऐकून परत जात, असे ते म्हणाले.

भिंतीवर एक नवी तसबीर टांगलेली होती. तिच्यात माणूस नव्हता. वळणावळणाच्या बारीक रेषा होत्या, एकाभोवती एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. इतका स्पष्ट फोटो त्यांच्या फिलिमवर निघालेला मी पाहिला नव्हता.

"हे काय आहे?"

"पेटीचं झाकन," अजीजभाऊ म्हणाले.

त्यांनी आपल्याच स्वस्त फिलिमचा उघडा तुकडा काळोखात त्या झाकणाला लावून पेटीत बंद केला होता. कॅमेरा नाही, उजेड नाही. काही दिवसांनी औषधात घातला तर सागाच्या वाढीची वर्तुळे, रेषा न् रेषा उमटलेली. लाकडाच्या आणि जवसाच्या तेलाच्या वाफेने फिलिम काळी पडते, हे त्यांना असे कळले. "पिपात ठेवला असता त राह्यला असता," ते म्हणाले. "बाकीच्या संगं." एवढेच. आवाज नेहमीसारखा हळू होता.

त्या दिवशी एक डबा आला होता, फार दिवसांनी. त्याची चाचणी घ्यायची होती. मी बसच्या वेळेची वाट पाहत बसलो होतो. मी चौकटीत उभा राहू का, असे विचारले. ते म्हणाले, "दर खेपेले एकच तोंड पायजे जी. तुमी त जासान."

मागच्या दाराशी ते स्टूल तसेच होते. त्यावर त्यांनी एक लाल मातीचे मडके आणून ठेवले. माणसाच्या अंगाच्या रंगाचे. फळीवरचा डबा घेतला आणि मडक्याला सगळीकडून तांदळाचे पीठ चोळले, कडेपर्यंत, हलक्या हाताने. मग कॅमेऱ्यामागे गेले, मान खाली घातली.

"धर," ते म्हणाले.

टोपी काढली. ओठांतल्या ओठांत मोजले. टोपी बसवली. 'सोड' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. हात टोपीवर तसाच ठेवून ते उभे राहिले, आणि बाहेर बसचा भोंगा वाजला म्हणून मी उठलो.